कॅबिनमध्ये एकट्यानं जायचं न्हाई

आमच्या सरांचा हात एकदम उठायचा, असं सगळे म्हणायचे. खोटं आहे ते. एकदम काहीच व्हायचं न्हाई. आधी शर्टच्या खिशातला पेन निघायचा आणि टेबलावर आडवा पडायचा. मग घड्याळ. जेवायला बसायच्या आधी हात धुवायला कोणी घड्याळ काढावं, तसं सावकाश सर ते मनगटावरनं काढायचे. मग समोरच्याला ‘अहो’ लागायचं. दिवसभर ‘ए गाढवा’ म्हणणारा माणूस एकाएकी ‘बसा ना साहेब’ म्हणाला, की समजायचं, आता गालाची खैर न्हाई.

हे मला कसं माहीत, तर मी सरांची नक्कल करायचो. नुसता आवाज काढणं सोपं असतं, आवाज कोणीही काढतो. खरी मेहनत हाताची, मानेची आणि मधल्या गप बसण्याची असते. त्याच्यासाठी माणूस बारीक बघावा लागतो. सरांना त्यांच्या घरच्यांनी बघितलं नसेल इतकं मी बघितलं होतं.

मी अहमदपूरचा. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलो, आणि त्या काळात आमच्याकडचं प्रत्येक हुशार पोरगं जसं जायचं तसा डॉक्टर व्हायला लातूरला आलो. चाकूरहून पोरं यायची, नांदेडहून यायची, पार इस्लापूरहून एक जण डोक्यावर पत्र्याची पेटी घेऊन आलेला. माझे मार्क डॉक्टरच्या जरा अलीकडंच दमून बसले. मग ज्या क्लासमध्ये शिकलो, त्याच क्लासमध्ये पेपर तपासायला लागलो आणि बाजूला बी.एस्सी. करून राहिलो होतो. रविवारी शेकडो पोरांची टेस्ट, सोमवारी सकाळी नंबरांची यादी बोर्डावर. यादीला उशीर झाला तर पोरांचे बाप रस्त्यावर उभे राहायचे, जसं काय आत कोणाचं ऑपरेशन चाललंय.

आणि सर मारायचे. पोरांना न्हाई. पोरांना मारलं तर पोरगं दुसऱ्या क्लासला जातं. सर आम्हाला मारायचे, कामाला असणाऱ्यांना. डस्टर फेकून मारायचे, तपासलेला गठ्ठा तोंडावर भिरकवायचे, हनुवटी धरून मान वर करायचे. कॅबिनच्या दाराला आतून कडी लावून दारातच उभे राहायचे, म्हणजे माणसाला बाहेर पडायला जागाच न्हाई. शेवटी गाल.

तुम्ही म्हणाल, मग तुम्ही गप कसे बसलात. त्याचं कारण फक्त आमच्याच गावात होऊ शकतं असं आहे. आम्ही बहुतेक सगळे सरांचे जुने विद्यार्थी होतो. केमिस्ट्री शिकवणारे सर त्यांच्या तिसऱ्या बॅचचे, हिशोबाला बसणारा पाचव्या बॅचचा, मी त्याच्यानंतरचा. आणि आमच्याकडं गुरुजींचा मार हा मार धरतच न्हाईत. तो प्रसाद असतो. शाळेत मार खाऊन घरी सांगितलं, तर घरून अजून थोडा मिळतो. त्यामुळं पंचवीस वर्षांचा, लग्न झालेला, मिशा असलेला माणूस कॅबिनमधून गाल चोळत बाहेर यायचा आणि म्हणायचा, “सरांचा हक्कच हाय आपल्यावर.” नोकरीवर मार खाल्ला, असं कोणाच्या डोक्यातच यायचं न्हाई.

आणि ते डोक्यात येऊ नये, याची बाकीची सोय मी करून ठेवली होती.

दुपारी चारला तपासणीच्या खोलीत चहा यायचा. चहा आला की कोणीतरी म्हणायचं, “चल, आजचं दाखव.” मग मी पेन काढायचो, घड्याळ काढायचो, ‘बसा ना साहेब’ म्हणायचो, आणि ज्यानं सकाळी मार खाल्ला तोच सगळ्यात मोठ्यानं हसायचा. मला वाटायचं, मी पुण्याचं काम करतोय.

असं वाटायला कारण होतं. भूकंप झाला तेव्हा मी पाचवीत होतो. आमच्या घराच्या भिंतीला भेग पडली, माणसं वाचली, पण महिनाभर आमची सगळी गल्ली उघड्या मैदानात झोपली. तिकडं किल्लारीकडच्या बातम्या यायच्या आणि बाया पदर तोंडात धरून बसायच्या. गाड्या भरभरून साहेब लोक पाहणीला यायचे. एक साहेब नाकाला रुमाल लावून ‘बघून राहिलो आम्ही, बघून राहिलो’ म्हणत गेला. मी संध्याकाळी मावशीची ओढणी नाकाला लावून तसाच चाललो. शेजारची एक काकू, जिनं माहेरची चार माणसं गेल्यापासून भाकरीचा तुकडा मोडला नव्हता, ती फिसकन हसली आणि मग जेवली. त्या दिवसापासून माझ्या डोक्यात बसलं, की माणूस हसला म्हणजे दुखणं गेलं.

दुखणं जात न्हाई, हे मला चाचांनी शिकवलं.

चाचा म्हणजे आमचे मशीनवाले. प्रश्नपत्रिका सायक्लोस्टाईल करायचं मशीन मागच्या खोलीत होतं आणि ते फक्त चाचांचं ऐकायचं. साठीला आलेला माणूस, पांढरी टोपी, नखात कायमची काळी शाई. त्यांचे वडील गंजगोलाईच्या बाजारात वह्या बांधायचे. वॉचमन मामा सोडले तर क्लासमध्ये सरांपेक्षा वयानं मोठे ते एकटेच, आणि सरांकडं न शिकलेल्या दोन-चार जणांतले एक.

एका सोमवारी उत्तरांची पानं फिसकटलेली निघाली, अक्षरं एकमेकांत गेलेली. सरांनी चाचांना आत बोलावलं. कॅबिनला अर्धी काच होती, बाहेरून सगळ्यांना दिसलं. पेन, घड्याळ, ‘बसा ना चाचा’, आणि मग टोपी खाली पडली.

दुसऱ्या दिवशी चहाला फर्माईश आली, “कालचं दाखव.” मी दाखवलं. सर केले, आणि त्या दिवशी पहिल्यांदा मार खाणाराही केला. गाल कसा फिरला, टोपी कशी पडली, वाकून ती कशी उचलली आणि ‘जी सर’ कसं म्हणलं. केमिस्ट्रीच्या सरांच्या नाकातून चहा आला. सगळी खोली हसून राहिली होती, आणि मग पुढची ओळ एकदम गप झाली. मी वळून बघितलं. दारात चाचा उभे होते, हातात कागदाचं रीम.

तेही हसून राहिले होते. तेच सगळ्यात वाईट.

“चांगलं केलं बेटा,” ते म्हणले. “फक्त टोपी मी डाव्या हातानं उचलली होती. उजवा गालावर होता.”

रीम टेबलावर ठेवलं आणि गेले. त्या दिवशी किटलीतला चहा तसाच गार झाला.

तिसऱ्या दिवशी मी मशीनच्या खोलीत गेलो. चाचा ड्रमवर शाई लावत होते.

“चाचा, चुकलं माझं.”

“तुझं काय चुकलं? जे झालं तेच केलंस.”

“तरी.”

“मी पण हसलो की. न हसून काय करतो? तुम्ही सगळे हसून राहिले, मी एकटा रडतो का तिथं?” त्यांनी हात चिंधीला पुसले. “हे बघ. तुम्ही त्याच्याकडं शिकले. तुमचा तो गुरुजी. मारला तर तुम्हाला वाटतं, जाऊ दे. माझा तो गुरुजी न्हाई. त्याच्या पहिल्या बॅचची जाहिरात मी छापली. एका खोलीत आठ पोरं होती तेव्हा. मी इथं कामाला हाय, आणि कामावरच्या माणसानं मला मारलं. मला दुसरं काही नाव सापडत न्हाई त्याला.”

मी रीम उघडून त्यांच्याजवळ सरकवलं.

“पुन्हा हात लागला तर मी नांदेडला लेकीकडं निघून जाईन,” चाचा म्हणले. “हे काम मला आवडतं. पण जाईन. फक्त तिनं विचारलं, अब्बा मशीन का सोडलं, तर काय सांगू, तेवढं अजून ठरलं न्हाई.”

हे मी ताईंना सांगितलं. ताई आमच्या समोरच्या टेबलावर बसायच्या, प्रवेशाचे फॉर्म भरून घ्यायच्या. चाकूरच्या, चाळिशीच्या, आणि तोंड असं की वसुलीवालेसुद्धा त्यांच्याशी खाली बघून बोलायचे. मला वाटलं, त्या सरांना शिव्या देतील. त्यांनी आधी मला दिल्या.

“तू नाचून राहिलास आणि आम्ही टाळ्या पिटून राहिलो. मी पण हसले, मेलीनं.” मग फॉर्मांचा गठ्ठा बाजूला सारला. “एक सांग. पोरीची सोयरीक बघायला आपण एकटे जातो का?”

“न्हाई. चार माणसं नेतो.”

“बांधाचं भांडण मिटवायला?”

“चार माणसं.”

“बैल घ्यायला गेलं तरी चार माणसं नेतो. मग मार खायला तेवढं एकटं का जातो आपण?”

इतकी साधी गोष्ट होती. आमच्याकडं कुठलीच अवघड बोलणी एकट्यानं करायची पद्धत न्हाई. बोललेलं चार माणसांत बोललं म्हणजे ते बोललं. आणि जे चार माणसांसमोर करता येत न्हाई ते सर कडी लावून करत होते, हे आम्ही काचेतून बघून राहिलो होतो.

त्या आठवड्यात तपासणीच्या खोलीत मी तीच नक्कल पुन्हा केली, पण या वेळी थांबत थांबत. पेन काढला आणि थांबलो. “हे पहिलं.” घड्याळ काढलं आणि थांबलो. “हे दुसरं.” ‘बसा ना साहेब.’ “आणि हे तिसरं. हे ऐकलं की बसायचं न्हाई, उभंच राहायचं, दाराकडं पाठ करायची न्हाई. आणि मुळात एकट्यानं आत जायचंच न्हाई. ज्याला बोलावलं त्यानं ताईंना सांगायचं, बरोबर तिघं निघतील.”

केमिस्ट्रीचे सर अस्वस्थ झाले. “पण सर आपल्याला बापासारखे आहेत.”

“तुमचा बाप घड्याळ काढून मारतो का?” ताईंनी विचारलं.

हसू आलं सगळ्यांना. केमिस्ट्रीचे सर मात्र हसले न्हाईत. हातातला खडू खिशात टाकला आणि म्हणले, “माझ्या बापानं मला कधी हात लावला न्हाई.”

वॉचमन मामा कोपऱ्यात बसले होते. एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. ते म्हणले, “दारात मी उभा राहतो. माझी सगळी नोकरी दारातच गेली. आणि कडीचं बघतो मी.”

चाचांना हे सांगितलं तर ते नको म्हणले. “माझ्यापायी चार घरांची रोजी कशाला?” ताई म्हणल्या, “तुमच्यापायी न्हाई. उद्या माझा नंबर हाय.” चाचा हो पण म्हणले न्हाईत आणि न्हाई पण.

दोन रविवार नीट गेले. तिसऱ्या रविवारी भौतिकशास्त्राच्या पेपरमध्ये भिंगाची आकृती उलटी छापली गेली. आकृतीचं वेगळं स्टेन्सिल उलटं बसलं होतं. शेकडो पोरं पेपर उलटा धरून भिंग बघून राहिली होती, लांबून बघणाऱ्याला वाटावं पोरांना वेड लागलंय. मला हसू आलं आणि लगेच चाचा आठवले.

सोमवारी नऊ वाजता निरोप आला, चाचांना आत पाठवा.

चाचांनी टोपी नीट केली आणि निघाले. ताई त्यांच्या मागं, केमिस्ट्रीचे सर ताईंच्या मागं, त्यांच्या मागं मी, शेवटी मामा.

“काय चाचा,” सर म्हणले. मग आमच्याकडं बघितलं. “तुम्हाला कोणी बोलावलं?”

“कोणी न्हाई,” ताई म्हणल्या. “आम्ही चाचांसोबत आलोत.”

“कशाला?”

“बोलणी हाय ना.”

“कसली बोलणी? सोयरीक हाय का इथं? भिंग उलटं छापलंय या माणसानं.”

“चूक माझी हाय,” चाचा म्हणले. “दुपारपर्यंत नवीन पान काढून देतो.”

“ते कधी काढायचं मी सांगीन. बाकीचे बाहेर व्हा.”

कोणी हललं न्हाई. धाडसानं म्हणाल तर तसं न्हाई. पहिल्यांदा कोणी हलायचं हे ठरलं नव्हतं म्हणून. सर उठले, दाराजवळ गेले आणि नेहमीच्या जागी हात घातला. तिथं स्क्रूची चार भोकं होती. सरांची बोटं त्या भोकांवरून दोनदा फिरली.

“पडली असंल सर,” मामा म्हणले. मामा दारातच उभे होते, एक हात चौकटीला, जसं काय मागून अजून पॅसेंजर चढायचेत.

सर टेबलाजवळ आले. खिशातला पेन काढला आणि आडवा ठेवला.

“सर, पेन ठेवला तुम्ही,” मी म्हणलो. माझाच आवाज होता. इतक्या वर्षांत लोकांचे आवाज काढून काढून माझा केवढा बारीक राहिलाय, हे मला तेव्हा कळलं.

“म्हणजे?”

“आता घड्याळ काढाल.”

सरांचा हात घड्याळावरच होता. तो तिथंच राहिला. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जसं उत्तरपत्रिकेत भलतंच उत्तर सापडावं.

“तू माझी नक्कल करतो म्हणं मागं. ऐकलंय मी. कर. इथं कर. मला पण बघू दे.”

त्यांना वाटलं मी पाय धरीन. मला पण तसंच वाटलं होतं. पण केली मी. आवाज काढला न्हाई, नुसते हात. पेन काढला, ठेवला. घड्याळ काढलं, ठेवलं. पुढं झुकून खुर्ची दाखवली. मग हात वर गेला आणि मी तो तिथंच ठेवला, वर. खाली आणला न्हाई. समोर कोणी नव्हतं, नुसती हवा, तरी केमिस्ट्रीच्या सरांनी मान बाजूला घेतली.

कोणी हसलं न्हाई. हशा न पिकलेला तो माझा पहिला प्रयोग, आणि त्याच्यापेक्षा चांगला मी आजपर्यंत केला न्हाई.

“शिकवलंय मी तुम्हाला,” सर म्हणले. आवाज जरा फाटला. “भूकंपानंतर पत्र्याच्या शेडमध्ये, पाऊस वाजून राहिला असताना, घसा फुटेपर्यंत शिकवलंय. माणूस केलंय एकेकाला.”

ते खरं होतं. म्हणूनच अवघड होतं.

“हाव सर,” ताई म्हणल्या. “उपकार हायत. ते आम्ही मरेपर्यंत सांगू. पण गाल त्यात येत न्हाई.”

सरांनी डस्टर उचललं. चाचांच्या अंगावर न्हाई, माझ्या अंगावर न्हाई, भिंतीवर मारलं. भिंतीवर पांढरा डाग पडला. “निघा सगळे.”

आम्ही चाचांकडं बघितलं. चाचा सावकाश वळले. “दुपारपर्यंत पान देतो,” एवढंच म्हणले आणि आमच्या पुढं बाहेर पडले. टोपी डोक्यावर होती.

यानंतर सर सुधारले, असं लिहिलं तर ते खोटं होईल. केमिस्ट्रीच्या सरांना पहाटेची बॅच मिळाली. ताईंची खुर्ची गेली आणि स्टूल आलं, ताई स्टुलावर बसून अजून मोठ्यानं बोलायला लागल्या, म्हणायच्या, “उंच झाले मी.” माझ्याकडचे पेपर काढून घेऊन मला महिनाभर नांदेडच्या स्टँडवर जाहिराती चिकटवायला पाठवलं. कॅबिनला नवीन कडी बसली. ती पण निघाली. तीन कड्या झाल्या. चौथी लावायला सुतारच आला न्हाई.

सर तसेच ओरडायचे. गाढव, बैल, सगळे प्राणी चालू होते. पण हात उठायला दार बंद लागतं आणि समोर एकटा माणूस लागतो, आणि या दोन्ही गोष्टी त्यांना मिळेनात. नवीन कोणी कामाला लागलं, की पहिल्या दिवशी चहा द्यायच्या आधी मी त्याला ते तीन इशारे करून दाखवायचो. तो हसायला लागला तर ताई म्हणायच्या, “हसू नको. नीट बघ आणि पाठ कर.”

चाचा नांदेडला गेले न्हाईत. पण ते आमच्याशी या विषयावर एक शब्द बोलले न्हाईत. मला वाटायचं, त्यांना आवडलं नसेल. म्हाताऱ्या माणसाला चार पोरांच्या आडून चालावं लागलं. विचारायची हिंमत झाली न्हाई.

मग एके दिवशी, दिवाळीच्या सुट्टीआधी, चाचा तपासणीच्या खोलीत आले. हात चिंधीला पुसत होते.

“सरांनी बोलावलंय,” ते म्हणले. “चला. चौघं या.”

“काय छापलंय आता उलटं?” मी विचारलं.

“काही न्हाई. शाई कोणती मागवायची, ते विचारून राहिलेत.”

“मग चौघं कशाला चाचा? शाईचंच तर हाय.”

“शाईचं पण चौघांत बोलू,” चाचा म्हणले, आणि आम्ही येतोय का न्हाई हे न बघता पुढं चालायला लागले. ताईंनी स्टूल मागं सारलं.